यथाशक्ति शिवलेला पडदा

दीपावलीच्या आधीचे आठ दिवस आपल्याकडे केवळ फराळाचे नसतात, ते ट्रंकांचेही असतात. माळ्यावरची ट्रंक खाली उतरते, कपाटाचा तळ दिसू लागतो, आणि ‘असू दे, कधी तरी उपयोगी पडेल’ म्हणून वर्षानुवर्षे जपलेली गाठोडी उजेडात येतात. इरकली लुगड्याचा विरलेला पदर, परकर शिवून उरलेला खणाचा वीतभर तुकडा, धुवून धुवून सायीसारखे मऊ झालेले धोतर, लेकीच्या पहिल्या झबल्याचे फुलाफुलांचे चीट. गृहिणी एकेक तुकडा हाती घेते, क्षणभर थबकते, आणि गाठोडे पुन्हा बांधून ट्रंकेत ठेवते. मग सायंकाळी बाजारात जाऊन यंत्रावर निघालेले, एकसारख्या रंगाचे तयार पडदे घेऊन येते. या दोन क्रियांच्या मध्ये जे घडते, किंवा घडावयाचे राहून जाते, त्याविषयी आज आम्हांला लिहावयाचे आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे, की त्या गाठोड्यातून घराघरात निदान एक पडदा शिवला जावा. रंगीबेरंगी, तुकड्याला तुकडा जोडलेला, ज्याला जसा येईल तसा. तो सरळ आला नाही तरी चालेल. आणि तो काटकसरीसाठी नव्हे, प्रदर्शनात मांडण्यासाठी नव्हे, केवळ हातांना आनंद व्हावा म्हणून शिवावा.

कीर्तनकाराने टाळ-चिपळ्या सोडून सुईदोऱ्याची गोष्ट कशाला काढावी, असे कोणी म्हणेल. परंतु आम्ही पंढरीत राहतो, आणि या पेठेतील कीर्तनाची परंपरा ज्यांच्यापाशी जाऊन पोचते ते नामदेवराय जातीने शिंपी होते हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. महाद्वारातील त्यांच्या पायरीवर पाय पडू नये म्हणून आजही वारकरी ती चुकवून आत शिरतो. पंजाबात शिखांच्या ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. त्यांपैकी एकात त्यांनी मनाला गज केले आहे, जिभेला कात्री केले आहे आणि सुई सोन्याची, दोरा रुप्याचा कल्पिला आहे. पिढीजात धंद्याची हत्यारे त्यांनी देवापुढे नेली, ती लपवून ठेवली नाहीत. तेव्हा सुईदोऱ्याची गोष्ट आमच्या गादीला परकी नाही.

आता पडद्याचे पाहू. संस्कृतात पडद्याला एक मोठे गमतीचे नाव आहे: तिरस्करिणी. मराठीत तिरस्कार म्हटला की कपाळावर आठी येते. परंतु मुळात ‘तिरस्’ म्हणजे आड, आणि आड करणारी ती तिरस्करिणी. कालिदासाच्या कुमारसंभवात हिमालयातील गुहांच्या दारांशी ढग येऊन लोंबतात आणि आतल्या स्त्रियांची लज्जा राखणारे पडदे होतात. ढगासारखा वेडावाकडा, कडा नसलेला पडदा कालिदासाला चालला, ही गोष्ट आमच्या पक्षी जमा धरावी! आपल्या विवाहात अंतरपाट असतो, देवाला नैवेद्य दाखविताना गाभाऱ्यापुढे पडदा ओढतात. पडदा ही आपल्याकडे सजावटीची वस्तू नंतर झाली. आधी ती आतल्या गोष्टीची अदब राखणारी वस्तू होती. मग ती घरच्याच वस्त्रांची असणे अधिक शोभेल, नाही का?

पण गृहिणी शिवत नाही. तिला वेळ नसतो हे एक कारण, आणि ते खरेही आहे; त्यावर आम्ही पुरुषांनी उपदेश करू नये. परंतु वेळ असलेल्याही शिवत नाहीत. कारण विचारावे तर उत्तर एकच येते: ‘मला काही नीट येत नाही हो.’

या ‘नीट’ने किती नासधूस केली आहे, ते आम्ही पाहिले आहे. काही वर्षांमागे एका गावी चातुर्मासातील कीर्तन आटोपल्यावर एक निवृत्त शिक्षिका भेटावयास आल्या. त्यांच्यापाशी त्यांच्या मातोश्रींची सात लुगडी होती. दोन रेशमी, बाकीची सुती. आईची आठवण म्हणून त्यांतून काहीतरी करावे असे त्यांच्या मनात पंचवीस वर्षे होते. परंतु कात्री लावली आणि बिघडले तर? आधी शिवण शिकू, चांगले यंत्र घेऊ, मग हात लावू, असे म्हणता म्हणता ट्रंक तशीच राहिली. ज्या दिवशी उघडली त्या दिवशी सुती लुगड्यांना कसर लागलेली, आणि रेशीम घडीघडीवर कागदासारखे फाटलेले. वस्त्राचा हा धर्मच आहे. रेशीम एकाच घडीवर वर्षानुवर्षे पडून राहिले की तेथेच चिरते. सूत कोंदट जागेत कुजते. बाईंना रडू आवरेना. आम्ही बोललो काहीच नाही. आभाळ फाटल्यावर ठिगळ कोठे लावावे?

या प्रश्नाचा विचार आपल्या शास्त्रकारांनी केला आहे. शिवणाच्या निमित्ताने नव्हे, यज्ञाच्या निमित्ताने. पूर्वमीमांसेत, जैमिनींच्या सहाव्या अध्यायात, असा विचार येतो की एखाद्या कर्माची सर्व अंगे कर्त्याला साधत नसतील तर त्याने ते कर्म करावे की सोडावे? तेथे मीमांसकांनी मोठा सूक्ष्म भेद केला. जे कर्म काम्य आहे, म्हणजे पाऊस पडावा, पुत्र व्हावा, स्वर्ग मिळावा अशा फळाच्या इच्छेने आरंभिलेले आहे, ते सर्व अंगांसह, काटेकोर व्हावयास हवे. एक अंग राहिले की फळ गेले. परंतु जे नित्य आहे, अग्निहोत्रासारखे, जन्मभर करावयाचे, त्यात मुख्य कर्म साधले आणि एखादे अंग शक्तीपलीकडचे म्हणून राहिले, तर ते कर्म मोडत नाही. ते यथाशक्ति करावे, पण सोडू नये. आपल्या घरच्या पूजेत शेवटी ‘यथाशक्ति’ हा शब्द ऐकू येतो, तो या विचाराच्या कुळातला आहे. पुष्कळांना वाटते की ती आळशी माणसाची पळवाट आहे. तसे नव्हे. फळ मागणाऱ्यालाच काटेकोरपणाची सक्ती आहे, हा त्यातील मर्मभाग आहे.

हे शिवणाला लावून पाहावे. जी भगिनी दुकानासाठी गोधडी शिवते, जिचे पोट त्यावर आहे, तिचे कर्म काम्य. तिला टाका टाक्याशी जुळवावाच लागेल, आणि तिच्या त्या कसबाला आमचा नमस्कार असो. जिला शेजारणीची शाबासकी हवी, किंवा हल्ली घरोघर झाले आहे तसे मोबाइलवर छायाचित्र काढून शंभर जणांना पाठवावयाचे आहे, तिचेही कर्म काम्यच. तिनेही कोपरे नीट बसवावेत. परंतु जिला यांतले काहीच नको आहे, जिला नुसते दुपारी खिडकीपाशी बसून निळ्याशेजारी केशरी कसे दिसते ते पाहावयाचे आहे, तिला ही सक्ती कोणी केली? फळ मागितलेच नाही, तर अंगे अपुरी राहिल्याचे भय कसले?

येथे आम्हांला कोणी वेदपाठशाळेतला स्नेही अडवील. तो म्हणेल, बुवा, तुम्हीच ना शिष्याला एका स्वरासाठी दहादा म्हणावयास लावता? खरे आहे. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून मंत्र म्हटला; ‘इन्द्रशत्रु’ या एका शब्दाचा स्वर चुकला, समास फिरला, आणि ‘इंद्राचा घातक’ याऐवजी ‘इंद्र ज्याचा घातक’ असा वृत्र निपजला. वैयाकरण पिढ्यान्पिढ्या ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगत आले आहेत, आम्हीही सांगतो, आणि स्वराच्या बाबतीत आम्ही रेसभर ढिलाई करीत नाही. पण त्वष्ट्याचे कर्म कोणते होते, हे पाहिले पाहिजे. ते काम्य होते, आणि वर सूडाचे होते! शिवाय मंत्र हे दुसऱ्याने आपल्या हाती दिलेले धन आहे. ते जसेच्या तसे पुढच्याच्या हाती द्यावयाचे, त्यात आपला हात लावावयाचा नाही. चिंध्यांचा पडदा हे तसले धन नव्हे. त्याला मूळ पाठ नाही, म्हणून त्यात अपपाठही नाही. सर्वच गोष्टींना वेदपाठाची कसोटी लावू लागलो तर रांगोळीलाही प्रायश्चित्त सांगावे लागेल.

उलट हातशिवणाच्या जवळचा शब्द दुसरा आहे: लीला. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात बादरायणांपुढे प्रश्न आहे की पूर्णकाम ईश्वराला जग निर्माण करण्याचे प्रयोजन काय? त्यावर ते ‘लोकात दिसते तशी ती निव्वळ लीला आहे’ असे उत्तर देतात. आणि भाष्यात आचार्यांनी दाखला दिला आहे तो सर्व काही मिळालेल्या एखाद्या राजाच्या खेळाचा. म्हणजे ज्याला काही मिळवावयाचे उरलेले नाही, तोच खरा खेळतो. आम्ही काही गृहिणीला राजा ठरवीत नाही, तिला मिळवावयाचे पुष्कळ असते. पण दिवसाकाठी अर्धी घटका तरी तिला तसे राहता यावे एवढीच आमची इच्छा आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करणे अवश्य आहे. हल्ली गोधडीचे फार कौतुक चालते. शहरातील दिवाणखान्यात ती भिंतीवर टांगतात आणि ‘किती सुंदर होते ते जुने दिवस’ असा उसासा टाकतात. ते दिवस सुंदर नव्हते. आमच्या घाटावरच्या खेड्यांत वाकळ शिवली जाई ती थंडी वाजे म्हणून, आणि नवे पांघरूण घेण्याची ऐपत नसे म्हणून. उन्हाळ्यात शेतीची कामे उरकली की अंगणात जुने लुगडे पसरून, त्यावर फाटक्या धडप्यांचे थर देऊन, चार बायका चारी बाजूंनी धावदोरा घालीत. बोटाला सुई लागे, पाठ मोडून जाई. संस्कृतात गोधडीला कन्था म्हणतात, बंगालातील कांथा हा शब्द तिचाच. आणि भर्तृहरीच्या वैराग्यशतकात ती शंभर ठिकाणी फाटलेली, विरक्ताच्या अंगावरची म्हणून येते. दारिद्र्य आणि वैराग्य, या दोन घरांतच कन्थेचा वावर. तिच्यात रम्यता शोधणाऱ्याने हे विसरू नये.

आणि तरीही, वाचकहो, त्या वाकळीच्या एखाद्या कोपऱ्यात लाल खणाचा त्रिकोण विनाकारण बसविलेला असे. उबेसाठी तो लागत नव्हता. पांढरे धडपे लावले असते तरी थंडी तेवढीच अडली असती. मग तो लाल त्रिकोण तेथे का आला? ज्या बाईचा दिवस पहाटेच्या जात्यापासून रात्रीच्या उष्ट्याखरकट्यापर्यंत दुसऱ्यांचा होता, तिने तेवढा वीतभर भाग आपला करून घेतला. आम्ही जो पडदा शिवा म्हणतो, तो त्या लाल त्रिकोणाचा वारस, गोधडीचा नव्हे.

असाच विनाकारण रंग कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात दिसतो. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांतील रानांत सिद्दी लोकांच्या वस्त्या आहेत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. गोव्यात पोर्तुगिजांच्या अमलातून निसटून कित्येकजण या अरण्यात आले, आणि आजही त्यांच्या बोलीत कोकणी-मराठीचा अंश कानी पडतो. त्यांच्या स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. आधी आखणी नाही, मोजमाप नाही. एका कोपऱ्यापासून आरंभ करावयाचा, हाताला येईल तो तुकडा लावीत काठाकाठाने फिरत, चक्राकार आत आत जावयाचे, आणि मध्यावर येऊन थांबावयाचे. चारी कोपऱ्यांवर रंगीत कापडाच्या घड्या दुमडून लावलेली छोटी त्रिकोणी ‘फुले’ असतात. त्यांचा उपयोग काहीच नाही. पण ती नसतील तर कवंदी उघडी राहिली असे त्या समजतात. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना बाजारात विकले गेले, त्यांच्या नाती निरुपयोगी फुलावाचून गोधडी पुरी मानीत नाहीत. यावर आम्ही काही भाष्य करीत नाही.

ठिगळाची लाज वाटणाऱ्यांसाठी दोन उदाहरणे पुरेत. बौद्धांच्या विनयपिटकात सांगितले आहे, की मगधातील बांधाबांधांनी विभागलेली शेते पाहून बुद्धांनी आनंदाला भिक्षूंचे वस्त्र तसे जोडता येईल का म्हणून विचारले, आणि आनंदाने तुकड्यांचे चीवर बेतून दाखविले. कापून जोडलेल्या कापडावर चोराचीही नजर जात नाही, हा त्यातला व्यावहारिक लाभ. दुसरे उदाहरण आमच्याच व्यवसायातले. 1956 साली देह ठेवलेल्या गाडगेबाबांना लोक ‘गोधडेबुवा’ म्हणत, कारण अंगावर तऱ्हेतऱ्हेच्या रंगांच्या चिंध्या जोडलेले वस्त्र. पंढरीत चोखोबांच्या नावाने धर्मशाळा उभारणाऱ्या या पुरुषाच्या कीर्तनाला लोटलेल्या समुदायातून त्या वस्त्राचे टाके कोणी मोजले असतील असे वाटत नाही. शिवाय ज्या द्रौपदीने आपल्या उंची वस्त्राची चिंधी श्रीकृष्णाच्या बोटाला बांधली, तिची कथा व्यासांच्या भारतात सापडत नसली तरी आमच्या बायाबापड्यांनी ती कधीच सोडली नाही. कीर्तनात ती सांगताना आम्ही ‘हे भारतात नाही’ असे बजावतो, आणि सांगतोच.

आमच्या घरी माजघराच्या दाराला असा एक पडदा आहे. आमच्या सौभाग्यवतींनी तो तीन महिने शिवला, त्यात आमचा वाटा सुईत दोरा ओवण्याचा; साठी उलटल्यावर तेही काम सोपे नसते. त्यात आमच्या आईच्या हिरव्या इरकलीचा काठ आहे, गुळेदगुड्डच्या खणाचे सहा चौकोन आहेत, पोथीचे एक लाल बासन फाटले होते त्याचा धडका भाग आहे, आणि नातवाच्या शाळेच्या सदऱ्याची चौकडी आहे. डावी कड उजवीपेक्षा चार बोटे लांब आहे. दुपारी उन्हे पश्चिमेकडून आली की जमिनीवर तांबडे-हिरवे तुकडे पडतात, आणि मांजर त्यांवर येऊन बसते. एक आप्त पाहून म्हणाले, ‘शिंप्याकडून सरळ करून घ्या.’ आम्ही त्यांना चहा दिला.

ज्यांना या दिवाळीत हात घालावासा वाटेल त्यांच्यासाठी सौभाग्यवतींनी सांगितलेल्या दोन-चार गोष्टी लिहितो, कारण निष्काळजीपणा आणि निर्भयपणा या भिन्न वस्तू आहेत. नवे सुती कापड धुतल्यावर आटते, जुने आटून चुकलेले असते. दोहोंचा जोड घालावयाचा तर नवे आधी भिजवून वाळवावे, नाही तर पहिल्या धुण्यालाच पडद्याला सुरकुत्या पडतात. लाल रंग पुष्कळदा कच्चा असतो; त्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा. पडदा गोधडीसारखा थरांचा करू नये, एकपदरीच असावा, म्हणजे उजेड गाळून आत येतो. मात्र एकपदरी पडद्यात उजेडासमोर सांध्यांच्या आतल्या दसड्या दिसतात. म्हणून दोन तुकड्यांच्या कडा एकीत एक मुडपून त्यांवर टीप घालावी. ते न साधले तर दसड्या दिसू द्याव्यात. जड तुकडे, खण किंवा जरीकाठ, खाली घ्यावेत, म्हणजे पडदा वाऱ्याने फार उडत नाही. विरलेले वस्त्र ताण सोसत नाही, ते मध्ये घ्यावे आणि वर नेफ्यासाठी धड कापड ठेवावे, कारण सारा भार दांडीपाशी येतो. रंगांची जुळणी कशी करावी, असे आम्ही विचारले. त्यावर त्या म्हणाल्या, ‘जमिनीवर मांडायचं, चहा टाकून यायचं, आणि परत आल्यावर जे डोळ्याला खुपेल तेवढं उचलायचं.’

आणखी एक. हे काम बायकांचेच आहे असे आम्ही कोठेही म्हटलेले नाही. सोवळ्यात शिवलेले वस्त्र चालत नाही म्हणून आमच्या वर्गातील पुष्कळ पुरुष सुईपासून दूरच राहिले. पण जपाची गोमुखी शिवलेली, पोथीचे बासन कडा मुडपलेले, वारीची पताका शिवलेली, आणि देवावरचा चांदवाही शिवलेलाच. निवृत्त झालेल्या, दुपारी वर्तमानपत्र दोनदा वाचणाऱ्या आमच्या वयाच्या मंडळींनी हा विचार अवश्य करावा. बोटे थरथरतात, टाके लांबट पडतात. लांबट टाक्यांचा धावदोरा उसवायलाही सोपा जातो.

दिवाळीपर्यंत पडदा पुरा होणार नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जेवढा झाला असेल तेवढाच दांडीवर चढवावा. खाली हातभर जागा मोकळी राहिली तर राहू द्यावी. पाडव्यानंतर दहा-अकरा दिवसांनी कार्तिकी एकादशी येते, त्याच तिथीला नामदेवरायांची जयंती. त्या दिवशी दुपारी फराळ झाल्यावर पडदा पुन्हा खाली घ्यावा आणि आणखी एक तुकडा जोडावा. पुढे माघी आहे, चैत्री आहे, आणि गाठोड्यात कापड अजून पुष्कळ आहे.